नणंद-भावजयीच्या तारा

जालन्यात रंग आणि लोखंडी सामानाची पेढी चालवणाऱ्या एका ओसवाल कुटुंबात एकाच उन्हाळ्यात दोघींच्या दातांना तारा लागल्या. एक घरची मुलगी, वय वर्षे चौदा. दुसरी तिची भावजय, वय वर्षे पंचवीस, माहेर राजस्थानातील नागौर जिल्ह्यातल्या एका खेड्याचे. मुलीच्या तारांची घरात चर्चा अशी झालीच नाही. वर्गातल्या पाच-सात मुलींना लागल्या होत्या, हिलाही लागतील, एवढ्यावर तो विषय संपला. सुनेच्या तारांचा विषय मात्र दिवाळीला निघाला आणि अक्षय्य तृतीयेची पारणी आटोपली तरी निकाली निघाला नव्हता.

सासूबाईंचा पहिला आक्षेप उघड होता. जे लग्नाआधी करायचे ते लग्नानंतर दोन वर्षांनी कशाला, असे त्या विचारीत. आणि ज्या घरात प्रत्येक खर्चाला हंगाम असतो त्या घरात हा प्रश्न काही गैर म्हणता येत नाही. दुसरा आक्षेप त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवला नव्हता. सुनेच्या दातांवर तपकिरी डाग होते, काहींवर पिवळट आडवे पट्टे, काहींवर खडूसारखे पांढरे ठिपके. वरचा पुढचा एकच दात दुधासारखा शुभ्र होता, कारण तो मूळचा नव्हताच. लहानपणी विहिरीच्या पायरीवर पडून तो तुटला होता, पुढे त्याचे रूट कॅनल झाले आणि साखरपुड्याच्या आधी घाईघाईने त्यावर चिनी मातीची कॅप बसवली गेली. हसू आले की सुनेचा पदर आपोआप तोंडाकडे जाई. पाहुण्यांना ती मर्यादा वाटे. सासूबाईंना खरे कारण ठाऊक होते, आणि त्यांना भीती होती ती पुढची. हे दात नातवंडांत उतरले तर?

सुनेची स्वतःची अडचण निराळी होती आणि ती सौंदर्याची नव्हती. तिच्या वरच्या दातांनी खालचे दात जवळजवळ झाकून टाकले होते. तोंड मिटताना खालचे पुढचे दात त्या कॅपच्या मागच्या बाजूवर आदळत. चिनी माती नैसर्गिक दातापेक्षा कठीण असते. ती स्वतः फारशी झिजत नाही, समोरच्याला झिजवते. खालच्या दोन दातांच्या कडा वर्षागणिक आखूड होत चालल्या होत्या आणि थंड पाणी लागले की कळ मस्तकात जाई. गावातल्या दंतवैद्यांनी सांगितले की दात जागेवर आणल्याशिवाय ही झीज थांबणार नाही. पण कॅप बसवलेल्या आणि डागाळलेल्या दातांवर तारा धरतील की नाही हे तज्ज्ञालाच विचारावे लागेल.

म्हणून एका रविवारी सगळेच छत्रपती संभाजीनगरला निघाले. आपल्या घरांची रीतच अशी की एकाला डॉक्टरकडे जायचे असेल तर गाडीत सहा जण असतात. तेथील दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरबाईंनी मुलीचे तोंड पाच मिनिटांत पाहिले. सुनेच्या बाबतीत मात्र आरसा हातात घेण्यापूर्वी बराच वेळ नुसते प्रश्न विचारले. जन्म कुठला, आठ वर्षांची होईपर्यंत पाणी कुठले प्यायलात, दुधाचे दात कसे होते, शाळेतल्या मैत्रिणींचे दात कसे होते, भावाबहिणींचे कसे आहेत. सून संकोचत उत्तरे देत गेली. पाणी गावच्या कूपनलिकेचे. दुधाचे दात पांढरे होते. मैत्रिणींचे दात असेच, किंबहुना तिच्याहून वाईट. धाकटी बहीण अशीच. मोठा भाऊ मात्र तान्हेपणापासून आजोळी मुंबईला वाढला. त्याचे दात स्वच्छ.

भावाचे उत्तर ऐकून डॉक्टरबाईंनी लिहिणे थांबवले आणि सासूबाईंकडे वळून म्हणाल्या, "हा पाण्याचा डाग आहे, रक्ताचा नाही."

दातांचे कवच, ज्याला इनॅमल म्हणतात, ते जन्मतः सदोष बनण्याचा एक आनुवंशिक विकार असतो. त्यात सहसा दुधाचे आणि कायमचे असे दोन्ही दात बिघडतात, आणि तो घराण्यात दिसतो. गावभर दिसत नाही. येथे सगळे गाव डागाळलेले होते आणि एकाच आईची दोन मुले, पाणी वेगळे म्हणून, वेगळ्या दातांची निघाली होती. ही फ्लोराइडची करणी. कायमचे दात हाडाच्या आत घडत असतात तो काळ, अक्कलदाढा सोडल्या तर, वयाच्या आठव्या वर्षापर्यंतचा. त्या काळात पाण्यातून जास्त फ्लोराइड पोटात गेले तर कवचाची घडण बिघडते. त्यानंतर तेच पाणी आयुष्यभर प्यायले तरी दातांवर नवा डाग उठत नाही. पुढचे नुकसान होते ते हाडांचे.

हा शोध काही फार जुना नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी १९०१ मध्ये दवाखाना थाटलेल्या फ्रेडरिक मॅके या तरुण दंतवैद्याला तिथल्या लोकांच्या दातांवरचे तपकिरी डाग खटकले. पाण्यात काहीतरी आहे हे त्याने ताडले. पण ते काहीतरी म्हणजे फ्लोराइड, हे १९३१ मध्ये एका अॅल्युमिनियम कंपनीच्या रसायनतज्ज्ञाने पाण्याच्या नमुन्यांत दाखवून दिले. आपल्या देशात १९३७ मध्ये तेव्हाच्या मद्रास इलाख्यातून या रोगाची पहिली नोंद झाली. नागौर, जालोरसारखे मारवाडचे जिल्हे त्याच्या माऱ्यात आहेत, आणि आपल्या महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड भागातील कित्येक गावेही. भारतीय मानकांप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत.

येथे सासूबाईंनी जो प्रश्न विचारला तो आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात येईल. सुनेच्या माहेरी तर पाणी नेहमी उकळून, गाळून पितात. साधू-साध्वी गावात असल्या की दिवसातून दोनदा उकळतात. मग दोष राहिला कसा? उत्तर असे की उकळण्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. उलट वाफ निघून जाते आणि फ्लोराइड मागे राहते, त्यामुळे उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण किंचित वाढतेच. मारवाडच्या जुन्या घरांतले टांके, म्हणजे पावसाचे पाणी साठवण्याचे भूमिगत हौद, या बाबतीत कूपनलिकेपेक्षा शहाणे होते, कारण पावसाच्या पाण्यात फ्लोराइड जवळजवळ नसतेच. सुनेच्या माहेरी टांका होता. पण तिच्या जन्माआधी अंगणात कूपनलिका खोदली गेली आणि टांक्यात जुने लाकूड भरले गेले. सोय झाली असेच तेव्हा सर्वांना वाटले असणार.

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट निघाली, आणि ती सासूबाईंना अधिक लागली. मुलीचा वरचा एक दात, सुळ्याच्या अलीकडचा, इतरांच्या निम्म्याने रुंद आणि टोकाकडे निमुळता होता, खुंटीसारखा. घरात त्याचे कधी कुणाला काही वाटले नव्हते. डॉक्टरबाईंनी विचारले, असा दात आणखी कुणाला आहे का? सासूबाई हसून म्हणाल्या, आमच्याकडे सगळ्यांचाच तसा. माझा आहे, माझ्या वडिलांचा होता. हा मात्र खरोखरच घराण्यातून येणारा दोष असतो, असे डॉक्टरबाईंनी शांतपणे सांगितले. नातवंडांत काही उतरायचे असेल तर ते सुनेच्या माहेरच्या डागांतून नव्हे, सासूबाईंच्या स्वतःच्या माहेरच्या या लहानशा दातातून उतरण्याची शक्यता होती. परतीच्या वाटेवर गाडीत कुणी फारसे बोलले नाही. तारांचा प्रश्न मात्र त्या दिवसानंतर पुन्हा निघाला नाही.

तारा लावायच्या हे ठरले. त्या चिकटतील कशा, हा पेच राहिलाच होता.

तार दाताला थेट लावत नाहीत. प्रत्येक दातावर एक छोटा चौकोनी खटका, ब्रॅकेट, चिकटवतात आणि तार त्याच्या खाचेतून ओवतात. पूर्वी हे चिकटवणे नव्हतेच. प्रत्येक दाताभोवती पोलादी पट्टी कडीसारखी ठोकून बसवीत, आणि उपचार संपून पट्ट्या काढल्या की दोन दातांमध्ये फटी उरत. चिकटवण्याची वाट उघडली ती १९५५ मध्ये. अमेरिकेतील मायकल ब्युनोकोर या दंतसंशोधकाने पाहिले की कारखान्यात धातूवर रंग वा लेप नीट धरावा म्हणून त्यावर आधी फॉस्फोरिक आम्ल फिरवतात. त्याने तेच आम्ल दाताच्या कवचावर अर्धा मिनिट ठेवून धुतले. कवचावर डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे पडली, त्यात राळेसारखा द्रव शिरून घट्ट झाला आणि दातावर लेप टिकू लागला. पुढे दहा वर्षांनी, १९६५ मध्ये, जॉर्ज न्यूमन या दंतवैद्याने याच रीतीने ब्रॅकेट चिकटवल्याचे प्रसिद्ध केले.

हे ऐकताना सासरे, ज्यांना घरात बाबूजी म्हणतात, खुर्चीत पुढे सरकून बसले. चाळीस वर्षे ते हेच तर गिऱ्हाइकाला सांगत आले होते. नव्या जीआय पत्र्यावर थेट ऑइलपेंट मारला तर पहिल्या पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. गंजलेल्या गजाला आधी पॉलिश पेपर, मग गंज काढायचे द्रावण, मग रेडऑक्साइड, मग रंग. ते द्रावण म्हणजे फॉस्फोरिक आम्लच. दुकानातल्या फळीवर त्याचे डबे ओळीने उभे असतात. "म्हणजे डॉक्टरसाहेब, रंग महत्त्वाचा नाही, खालचा माल कोणता ते आधी पाहायचे," असे ते म्हणाले, आणि डॉक्टरबाईंना पुढचे समजावणे सोपे झाले.

कारण सुनेच्या तोंडात माल तीन-चार प्रकारचा होता. आणि ज्याला आपण चिकट म्हणतो तिची मर्यादाही दोन्हीकडून ठरलेली असते. चघळताना ब्रॅकेट निसटू नये म्हणून पकड साधारण ६ ते ८ मेगापास्कल असावी, असे १९७५ पासून या शास्त्रात मानतात. म्हणजे चौरस सेंटीमीटरला ६० ते ८० किलोचा ताण. ब्रॅकेटचा तळ नखाच्या टोकाएवढा, दहा-बारा चौरस मिलिमीटरचा, तेव्हा प्रत्यक्षात सहा-नऊ किलोची ओढ. याहून फार कमी पकड चालत नाही, आणि फार जास्तही चालत नाही. कारण दीड-दोन वर्षांनी तोच ब्रॅकेट दाताचा टवका न उडवता काढायचा असतो. चांगला रंगारी रंग कायमचा टिकावा म्हणून राबतो. या कामात मात्र मुदत संपताच सोडून देणारी पकड हवी असते, आणि बाबूजींना ही गोष्ट पहिल्या ऐकण्यात पटली नाही.

डागाळलेल्या दातांची खोड अशी की त्यांच्या कवचाचा सर्वांत वरचा थर फ्लोराइडमुळे आम्लाला दाद देत नाही आणि त्याखालचा थर मात्र पोकळ, भुसभुशीत असतो. साध्या दातावर ३७ टक्क्यांचे फॉस्फोरिक आम्ल पंधरा ते तीस सेकंद ठेवून धुऊन वाळवले की तो भाग गोठलेल्या काचेसारखा पांढुरका, मंद दिसतो. डॉक्टर त्याच खुणेवर चालतात. नणंदेच्या दातांवर ती खूण पहिल्याच फेरीत उमटली. भावजयीच्या दातांवर आम्ल धुतल्यावरही चकाकी तशीच राहिली. मग डॉक्टरबाईंनी बारीक हत्याराने वरचा थर केसभर घासून काढला, आम्ल पुन्हा आणि जास्त वेळ ठेवले, पकड वाढवणारा निराळा द्रव लावला आणि मग ब्रॅकेट ठेवून निळ्या दिव्याखाली गोंद आवळला. किती घासायचे याचा काही आकडा सांगता येत नाही. कमी घासले तर ब्रॅकेट पडतो, जास्त घासले तर खालचा भुसभुशीत थर उघडा पडतो. तेथे हातच जाणता लागतो.

खालच्या एका दाढेत चांदी भरलेली होती. त्या भागावर चिकटवण्याच्या भानगडीत न पडता डॉक्टरबाईंनी दाढेभोवती जुन्या पद्धतीची पोलादी पट्टीच सिमेंटने बसवली. नव्या युक्त्या आल्या म्हणून जुने हत्यार मोडीत काढायचे नसते, एवढे त्यावरून दिसले.

खरी कसोटी त्या कॅपची होती. चिनी मातीवर फॉस्फोरिक आम्लाचा परिणाम होत नाही. ते फार तर तिला स्वच्छ करते. तिला खरवडणारे आम्ल म्हणजे हायड्रोफ्लोरिक, जे काचही खाते. त्याच्या नावातच फ्लोरिन आहे. ज्या मूलद्रव्याने विहिरीच्या पाण्यातून या मुलीचे दात लहानपणी बिघडवले तेच आता तिच्या खोट्या दातावर पकड धरायला कामी येणार होते. हे आम्ल घातक असते. कातडीला वा हिरडीला लागले तर वरवर भाजल्यासारखे दिसत नाही, आत शिरून दुखापत करते. म्हणून दवाखान्यात ते पातळ करून, लेपाच्या रूपात वापरतात. भावजयीच्या हिरडीवर आधी संरक्षक लेप चढवला गेला, रबराचे पातळ पान ताणून फक्त तेवढा दात बाहेर काढला गेला, डोळ्यांवर चष्मा दिला गेला. कॅपची चकाकी बारीक वाळूच्या फवाऱ्याने मोडली, मग ते आम्ल दोनेक मिनिटे ठेवून कापसाने टिपून काढले, नंतर भरपूर पाण्याने आणि शोषनळीने धुतले. त्यावर सायलेन नावाचा द्रव लावला. या द्रवाचे एक टोक मातीशी जुळते, दुसरे गोंदाशी. बाबूजींच्या भाषेत तो प्राइमर.

कॅप झिर्कोनियाची असती तर ही सगळी रीत बदलली असती. तिच्यावर हे आम्लही फारसे चालत नाही, वाळूचा फवारा आणि वेगळे प्राइमर लागते. म्हणूनच डॉक्टरबाई आधी विचारत होत्या की ही कॅप कुठे बसवली, कशाची आहे, कागद आहे का. कागद नव्हता. पाच हजारांच्या मालाचे बिल वर्षानुवर्षे जपणाऱ्या आपल्या घरांत दातांच्या कामाची चिठ्ठी कुणी ठेवत नाही, ही मोठी नवलाची गोष्ट आहे. शेवटी क्ष-किरण चित्र आणि कॅपच्या मागे झिजून उघडी पडलेली धातूची कड पाहून, आत धातू व वर चिनी माती आहे हे ठरले.

ब्रॅकेट चिकटवण्यापूर्वी एक कागद पुढे आला. उपचार संपल्यावर कॅपवरचा ब्रॅकेट काढताना चिनी मातीचा टवका उडू शकतो, चकाकी जाऊ शकते, नवी कॅप करावी लागू शकते, याची कल्पना दिली आहे आणि ती मान्य आहे, असे त्यावर लिहिले होते. बाबूजींनी तो कागद दोनदा वाचला. हमी नसलेला माल त्यांनी कधी घेतला नव्हता. त्यांनी विचारले, टवका उडाला तर खर्च कुणाचा? डॉक्टरबाईंनी सांगितले, तुमचा. आणि हेही सांगितले की लग्नाआधी कॅप न बसवता आधी तारा लावल्या असत्या तर तात्पुरत्या कॅपवर काम भागले असते, पक्की कॅप शेवटी एकदाच करावी लागली असती. बाबूजी सही करायला वाकले तोच सून म्हणाली, "बाबूजी, दात माझा आहे. सही मी करते." तिने सही केली. तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, तरी दालनात क्षणभर शांतता झाली. मग बाबूजींनी खिशातले पेन तिच्याकडे सरकवले. कारण दवाखान्याचे पेन नीट उमटत नव्हते.

नणंदेच्या खुंटीदाताची गोष्ट थोडक्यात सांगता येते. प्रत्येक ब्रॅकेटचा तळ त्या त्या दाताच्या बाकाप्रमाणे घडवलेला असतो आणि खाचेचा कोनही ठरलेला असतो. निमुळत्या दातावर तो नीट टेकत नाही, खाली गोंदाची जाड-पातळ गादी होते आणि दात भलत्या दिशेने वळतो. म्हणून आधी दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट चढवून तो रुंद केला आणि त्या ताज्या भरणीवर ब्रॅकेट लावला. सगळे तासाभरात झाले. भावजयीला त्यासाठी दोन फेऱ्या लागल्या, आणि पहिल्याच आठवड्यात तिचे दोन ब्रॅकेट सुटले. दोन्ही डागाळलेल्या दातांवरचे. कॅपवरचा मात्र शेवटपर्यंत हलला नाही.

खालचे दात वरच्या ब्रॅकेटवर आदळू नयेत म्हणून मागच्या दाढांवर सिमेंटचे लहान उंचवटे केले होते. त्यामुळे पहिले पंधरा दिवस दोन्ही जबडे नीट मिटतच नव्हते. त्या दिवसांत सासूबाईंनी रोज मुगाची पातळ खिचडी केली आणि स्वतःही तीच खाल्ली. आश्विनातली आयंबिलाची ओळी आली तेव्हा प्रश्न पडला. भाजलेले चणे आणि कडक खाखरा ब्रॅकेटला बाधतात. सुनेने उकडलेले मूग, मऊ भात आणि पाण्यात भिजवलेला खाखरा यांवर नऊ दिवस काढले आणि एकही ब्रॅकेट पडू दिला नाही. चौविहार असल्याने तिचे शेवटचे जेवण सूर्यास्तापूर्वीच होई. जेवल्यावर तारांतले अन्न काढायला दहा मिनिटे लागतात, म्हणून ती जेवण तेवढे आधी उरकी. नणंदेला हा नेम नव्हता आणि तिच्या तारांभोवती हिरड्या दोनदा सुजल्या.

नणंदेच्या तारा दीड वर्षात निघाल्या, भावजयीच्या दोन वर्षांनी. ब्रॅकेट काढताना डागाळलेल्या दातांचे कवच शाबूत राहिले. कॅपवरचा ब्रॅकेट निघाला तेव्हा खालच्या कडेचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा त्याच्याबरोबर आला. डॉक्टरबाईंनी काही न बोलता तो टिपकागदावर ठेवून दाखवला. बाबूजी त्या दिवशी बरोबर नव्हते.

नवी कॅप करायची तेव्हा रंगाचा प्रश्न आला. दोन बैठकांत इतर दातांवरचे डाग आम्ल आणि पमिस यांच्या लेपाने बरेच घासून फिके केले होते. तपकिरी रंग गेला होता, मंद पिवळट झाक आणि काही पांढरे ठिपके उरले होते. प्रयोगशाळेला पाठवायच्या चिठ्ठीवर छटेचा क्रमांक लिहायचा असतो. बरोबर आलेल्या सासूबाई म्हणाल्या, सर्वांत पांढरी घे, पैशांचा विचार करू नकोस. सुनेने खिडकीजवळ जाऊन उजेडात नमुन्याचे दात एकेक करून आपल्या दातांशेजारी धरून पाहिले. तिने निवडलेली छटा पिवळसर होती, आणि चिठ्ठीवर तिने डॉक्टरबाईंना खाली एक ओळ लिहायला लावली: कडेला एक फिका पांढरा ठिपका असावा, शेजारच्या दातासारखा.

त्याच महिन्यात तिला दिवस राहिल्याचे कळले. पहिले बाळंतपण माहेरी करायची रीत. आणि नागौरकडे आता कालव्याचे पाणी आणण्याची मोठी योजना झाली असली तरी तिच्या माहेरच्या अंगणातली कूपनलिका चालूच होती. आईच्या दुधात फ्लोराइड फारच थोडे उतरते, तेव्हा अंगावर पिणाऱ्या बाळाला तेवढी काळजी नाही. वरचे दूध त्या पाण्यात कालवले तर आहे, असे डॉक्टरबाईंनी सांगितले होते. सासूबाईंनी व्याह्यांना फोन लावला. कूपनलिकेच्या पाण्याची बाटली भरून तपासायला द्या, असे सांगितले, आणि मग जरा थांबून विचारले की अंगणातल्या टांक्यात अजून लाकूडच भरलेले आहे का.